लाईट सारखी जाते? आधी ती कुठून जाते ते शोधा

वळीव सुरू झाला की सांगली, मिरज, तासगाव, वाळवा या सगळ्या पट्ट्यातून एकच तक्रार ऐकू येते. लाईट सारखी जाते आणि इन्व्हर्टर असून नसल्यासारखा. मी घरगुती वायरिंगची आणि इन्व्हर्टर-बॅटरीची कामं करतो. या दिवसांत फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "लाईट नक्की कुठून गेलीय?" बहुतेकांना ते सांगता येत नाही. पण घरातला बिघाड, खांबावरचा बिघाड, डीपीचा (गल्लीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा) बिघाड आणि अख्खा फीडर (सबस्टेशनपासून निघणारी मुख्य लाईन) बंद पडणं या चार वेगळ्या गोष्टी आहेत. एकीला दहा मिनिटं लागतात, दुसरीला दोन दिवसही लागू शकतात. घरात तयारी किती आणि कसली ठेवायची, ते यावरच ठरतं. म्हणून सुरुवात तिथून करू.

मीटर बघा, मग गल्ली बघा

मीटरचा डिस्प्ले चालू आहे, बारका लाल दिवा दिसतोय आणि घरात मात्र अंधार आहे, तर पुरवठा तुमच्या दारापर्यंत आलेला आहे. बिघाड आत आहे. मेनचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडला असेल, आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की पुरवठा तोडणारा स्विच) ट्रिप झाला असेल किंवा जुन्या घरात किटकॅट फ्यूजची (चिनी मातीच्या जुन्या फ्यूजची) तार उडाली असेल.

मीटरच बंद असेल तर बाहेर या. समोरच्या घरात लाईट आहे, शेजारी नाही, त्याच्या पलीकडे पुन्हा आहे, असं मधूनमधून दिसलं तर एक फेज गेलाय. गल्लीतली घरं तीन फेजांवर, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन वेगळ्या तारांवर, वाटून दिलेली असतात. डीपीवरचा एक फ्यूज उडाला की तेवढीच घरं अंधारात जातात. सगळी गल्ली गेली आणि मागच्या गल्लीत लाईट आहे, तर डीपीचं काम. नजर जाईल तिथवर अंधार असेल तर ११ केव्हीचा फीडर किंवा सबस्टेशन. आणि सगळी गल्ली उजळलेली असून फक्त तुमचाच मीटर बंद असेल, तर खांबावरून येणाऱ्या सर्व्हिस वायरचा जोड बघायला लाइनमनला बोलवावं लागेल.

एक फेज गेला की काही घरांत लगेच फेज बदलून घेतात. पाच-सहा घरांनी तसं केलं की त्यांचा भार शिल्लक फेजवर येतो आणि अर्ध्या तासात तोही फ्यूज उडतो. थोडं थांबलेलं बरं.

वही ठेवा

लाईट वारंवार जात असेल तर मीटरपाशी एक वही टांगा. तारीख, गेल्याची वेळ, आल्याची वेळ, त्या वेळी हवा कशी होती आणि वर सांगितल्याप्रमाणे कुठवर अंधार होता, एवढंच लिहायचं. महिनाभरात चित्र स्पष्ट होतं.

वारा सुटला की जाते आणि वारा पडला की येते, तर फांदी तारेला घासतेय किंवा खांबावरचा जंपर (तारा जोडणारा तुकडा) सैल झालाय. पावसाचे पहिले थेंब पडले की जाते, तर बहुधा चिनी मातीचे इन्सुलेटर. दिवसभर उन्हात ते तापलेले असतात, त्यावर गार पाणी पडलं की तडकतात आणि फीडर ट्रिप होतो. वर्षभराची धूळ साचलेली असते, ती ओली झाली तरी करंट उतरतो. मग लाईनवर माणूस चालत चालत एकेक खांब बघत जातो. रात्रीच्या अंधारात, उसाच्या रानातून, चिखलातून. फुटलेला इन्सुलेटर खालून लवकर दिसत नाही. या बिघाडाला वेळ लागतो तो यामुळे. दुरुस्ती तशी थोडक्या वेळाची असते, शोधण्यातच रात्र जाते.

रोज संध्याकाळी सात-साडेसातलाच जाते, तर डीपीवर भार जास्त झालाय. उन्हाळ्यात एसी-कूलर वाढले की हे हमखास होतं. आणि लाईट जात नाही पण पिवळी पडते, पंखा रेंगाळतो, तर तो व्होल्टेजचा प्रश्न. त्याबद्दल इन्व्हर्टरच्या भागात लिहिलंय, कारण त्याचा बॅटरीशी फार जवळचा संबंध आहे.

या वहीचा दुसरा उपयोग तक्रारीच्या वेळी होतो. "सारखी जाते हो" म्हणून सांगितलेली तक्रार हवेत विरते. "या महिन्यात इतक्या वेळा, प्रत्येक वेळी वारा असताना, फक्त आमची गल्ली" असं लिहून चार घरांच्या सह्यांसह शाखा कार्यालयात अर्ज दिला की फांद्या तोडायला आणि जंपर कसायला माणसं येतात. पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्येच हा अर्ज द्या.

दिवे अचानक लखलखले तर मेन बंद

याबद्दल जरा थांबून लिहितो, कारण यात एका मिनिटात घरातलं सामान जळतं.

तुमच्या घरात एक फेज आणि एक न्यूट्रल येतो. त्यांच्यात २३० व्होल्टच्या आसपास दाब असतो. दोन फेजांमध्ये मात्र ४०० व्होल्टच्या वर असतो. खांबावर किंवा डीपीवर न्यूट्रलचा जोड तुटला की वेगवेगळ्या फेजांवरची घरं एकमेकांतून जोडली जातात. ज्या फेजवर भार कमी, तिथला दाब वाढतो, आणि जिथे भार जास्त, तिथला पडतो. दिसायला असं दिसतं : एका घरात ट्यूब डोळे दिपतील इतकी पेटते, पंखा कधी नव्हे एवढ्या वेगात फिरतो, फ्रिजमधून घुर्रर्र आवाज येतो, आणि शेजारच्या घरात त्याच वेळी बल्ब मेणबत्तीसारखा होतो. वळवाच्या वाऱ्यात हे हमखास घडतं.

असं दिसलं की काय झालं असेल याचा विचार करत बसू नका. मेन स्विच खाली पाडा. मग शेजाऱ्यांना हाक मारून त्यांनाही पाडायला सांगा. लाइनमननं न्यूट्रल जोडून दिल्यावर आणि एका दिव्यावर तपासल्यावरच बाकीचं चालू करा. घरातल्या प्रत्येकाला, आजी-आजोबांना आणि दहा-बारा वर्षांच्या मुलांनासुद्धा, मेन कुठे आहे आणि कसा पाडायचा हे माहीत पाहिजे. पुष्कळ घरांत मेनपुढे कपाट नाहीतर धान्याचा डबा असतो. तो आजच हलवा.

जास्त दाब आला की पुरवठा आपोआप तोडणारं उपकरण मेनच्या जवळ बसवता येतं. फ्रिज-टीव्हीच्या किमतीपुढे त्याचा खर्च फार नाही. ज्यांच्या भागात हे एकदा झालंय त्यांनी ते बसवूनच घ्यावं.

पावसात आरसीसीबी सारखा पडतो

तो पडतो म्हणून काढून टाकणारे किंवा बायपास करणारे मला भेटतात. कृपा करून हे करू नका. तो पडतोय म्हणजे कुठेतरी करंट जमिनीत उतरतोय, आणि तो नसता तर तुमच्या अंगातून उतरला असता.

शोधायची पद्धत सोपी आहे. सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी वर करत जा. ज्याला पडला, त्या लाईनवर दोष. पावसाळ्यात तो बहुतेक वेळा गेटवरच्या दिव्यात, बाहेरच्या बेलच्या बटणात, गच्चीवरच्या मोटरीच्या स्टार्टरमध्ये किंवा न्हाणीघराच्या ओल धरलेल्या भिंतीत सापडतो. एमसीबी सगळे खाली असूनही तो टिकत नसेल तर गोंधळू नका. साधा एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. अशा वेळी सगळे प्लग उपसून काढा आणि पुन्हा बघा. गीझर आणि वॉशिंग मशिनपासून सुरुवात करा.

इन्व्हर्टर बसवल्यापासूनच आरसीसीबी पडायला लागला असेल तर दोष ओलीचा नाही. इन्व्हर्टरचा न्यूट्रल आणि घरचा न्यूट्रल एकत्र झालेत. ज्यानं बसवला त्यालाच वायरिंग वेगळं करून द्यायला सांगा.

फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार घालून "आता उडत नाही" असं समाधान मानणाऱ्या घरांत पुढं फ्यूजऐवजी भिंतीतली वायर जळते. किटकॅट असेल तर आता तरी एमसीबी बसवून घ्या.

इन्व्हर्टर अर्ध्या तासात बंद पडतो

सगळ्यात जास्त फोन याचेच. बोलणं साधारण असं होतं.

"दादा, बॅटरी गेली बघा. दोन वर्षंसुद्धा झाली नाहीत."

"काकी, बॅटरीवरची झाकणं बघा आधी. लाल काडी दिसतीय का हिरवी?"

"लालच दिसतीय की. ती तशीच असती न्हवं?"

ट्युब्युलर बॅटरीवर सहा झाकणं असतात आणि प्रत्येकात एक तरंगणारी काडी. हिरवा भाग दिसला तर पाणी आहे, लाल दिसला तर खाली गेलंय. उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांनी बघायचं आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं. नळाचं नाही, बोअरचं तर मुळीच नाही, आणि पिण्याच्या फिल्टरचंही नाही. त्यात क्षार राहतात आणि ते आतल्या प्लेटा खातात. अ‍ॅसिडही वरून घालायचं नसतं. काडी हिरव्यावर आली की थांबा. काठोकाठ भरलं तर चार्जिंगच्या वेळी उतू जातं आणि खालची फरशी खराब होते.

टर्मिनलवर पांढरी-हिरवट पूड जमली असेल तर इन्व्हर्टर बंद करून, प्लग काढून, तारा सोडवा. काळी आधी काढायची, लाल नंतर. जोडताना उलट, लाल आधी. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशनं घासा, कोरडं करा, नट नीट आवळा आणि वरून व्हॅसलिन लावा. सैल नटामुळे बॅटरी पूर्ण चार्जच होत नाही आणि दोष मात्र बॅटरीवर येतो. हे सगळं करताना जवळ दिवा, उदबत्ती, विडी काही नको. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. देवघराच्या खालच्या कप्प्यात किंवा बंद कपाटात बॅटरी ठेवलेली घरं मी बघितलीत. ती जागा बदला, हवा खेळती पाहिजे.

एवढं करूनही टिकत नसेल तर हिशोब करा. १५० एएचची (अँपिअर-तासांची) १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास. पण १५० हा आकडा २० तासांत हळूहळू वापरली तर मिळतो. घरातला वापर त्यापेक्षा जोरात असतो, शिवाय इन्व्हर्टर स्वतः थोडी वीज खातो. नव्या बॅटरीतून हाताला १,१०० ते १,२०० वॅट-तास लागतात असं धरा. दोन जुने पंखे १५० वॅट, दोन एलईडी ट्यूब ४०, वायफाय १० असे २०० वॅट झाले तर साडेपाच-सहा तास. त्यात मोठा टीव्ही आला की चार तास. बॅटरी तीन-चार वर्षं वापरलेली असेल तर याच्या निम्मं. फ्रिज इन्व्हर्टरवर टाकू नका. कॉम्प्रेसर सुरू होताना घेतो तो झटका लहान इन्व्हर्टरला झेपत नाही.

पंखा बदलणं हा माझ्या मते सगळ्यात चांगला खर्च आहे. जुना पंखा ७० ते ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० ते ३५. तेवढ्याच बॅटरीवर रात्र निघते. दुसरी बॅटरी घेण्याआधी हे करून बघा.

आता जे सहसा कुणी बघत नाही ते. पूर्ण उतरलेली बॅटरी घरच्या इन्व्हर्टरवर भरायला दहा-बारा तास, कधी जास्तही लागतात. दुपारी तीन तास गेली, चारला आली, आठला पुन्हा गेली, तर रात्री बॅटरी अर्धीच असणार. बॅटरी खराब नाही, तिला भरायला वेळ मिळाला नाही. अशा दिवशी दुपारी टीव्ही आणि जास्तीचे दिवे बंद ठेवून ती रात्रीसाठी राखा.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. इन्व्हर्टरच्या मागे बहुतेक एक बारका स्विच असतो. एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला इको किंवा नॉर्मल. यूपीएसवर ठेवला तर दाब साधारण १८० व्होल्टच्या खाली गेला की तो लाईट असतानाही बॅटरीवर जातो. संध्याकाळी गावात दाब पडतो, घरच्यांना वाटतं लाईट आहे, आणि बॅटरी मात्र गुपचूप उतरत असते. मग खरी लाईट गेली की दहा मिनिटांत शिटी. डेस्कटॉप संगणक नसेल तर तो स्विच इकोवर ठेवा. पलूस-कडेगावकडच्या वस्त्यांवर माझी अर्धी "बॅटरी गेली" प्रकरणं या स्विचवर मिटलीत.

शेवटी, एखाद्या सेलचा दोष आहे का ते हायड्रोमीटरनं (बॅटरीतल्या द्रवाची घनता मोजणाऱ्या नळीनं) कळतं. पूर्ण चार्ज बॅटरीत सहाही झाकणांत १.२४ च्या आसपास आकडा यायला हवा. पाच सारखे आणि एक फारच खाली, तर तो सेल गेला. वॉरंटीचं कार्ड शोधा.

गच्चीवर सोलर आहे तरी अंधार

२०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आल्यापासून गच्च्यांवर पॅनल वाढलेत आणि हा प्रश्नही. ऑन-ग्रिड (महावितरणच्या लाईनशी जोडलेला) सोलर लाईट गेली की स्वतःला बंद करतो. तसा तो बनवलेलाच असतो, कारण तुमच्या गच्चीवरची वीज उलट लाईनवर गेली तर खांबावर चढलेल्या माणसाचा जीव जाईल. लाईट नसतानाही सोलर हवा असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. बसवणाऱ्याला पैसे देण्याआधी हे विचारून घ्या. ज्यांनी आधीच बसवलाय त्यांनी साधा इन्व्हर्टर वेगळा ठेवावाच.

भाड्याच्या जनरेटरलाही हेच लागू. मधे चेंजओव्हर स्विच (लाईन किंवा जनरेटर यातलं एकच जोडणारा) न घालता जनरेटर घराच्या बोर्डात जोडला तर लाईन जिवंत होते. आणि तो अंगणातच, खिडकीपासून लांब चालवा. बंद खोलीत किंवा जिन्याखाली लावलेल्या जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही, झोपलेला माणूस उठत नाही.

घरात काय भरून ठेवायचं

लाईट गेली की पाणी जातं. सांगलीत नदीतून पाणी उचलायला पंप लागतात, बोअरला लागतात, गच्चीच्या टाकीला लागतात. म्हणून हवा ढगाळ दिसली की टाकी भरून घ्या, "संध्याकाळी भरू" म्हणू नका. पिण्याचं पाणी दोन दिवसांचं, वेगळ्या भांड्यात.

पिठाची गिरणीही बंद पडते. जून ते सप्टेंबर पीठ आठवड्याभराचं दळून ठेवावं. चटणीचं वाटण, लसूण, आलं थोडं खलबत्त्यात करता येतं, पण ज्वारी-गहू घरी दळायला आता कुणाकडे जातं नाही. दूध सकाळ-संध्याकाळ तापवा. फ्रिज वारंवार उघडला नाही तर चार तास आतलं धरतो, खचाखच भरलेला फ्रीझर त्याहून बराच जास्त. दार उघडायचं ते एकदाच, ठरवून.

जनावरं असतील तर हा भाग घराइतकाच महत्त्वाचा. कडबाकुट्टी विजेवर, पाण्याची मोटर विजेवर, काहींच्या धारा काढायचं मशीनही. दोन दिवसांची वैरण कुट्टी करून कोरड्या जागी ठेवा. दुभत्या म्हशीला दिवसाला ५०-६० लिटर पाणी सहज लागतं, हौद भरलेला हवा. शेती फीडर आणि गावठाण फीडर वेगळे असतात. त्यामुळे रानातली लाईट गेली म्हणजे घरचीही जाईल असं नाही, आणि उलटही. दोन्हीकडच्या वेळा वहीत वेगवेगळ्या लिहा.

मोबाइल आणि पॉवर बँक रोज झोपताना भरलेले असावेत. लाईट फार वेळ गेली की टॉवरची बॅटरीही संपते आणि रेंज जाते. सेलवरचा छोटा रेडिओ अशा वेळी उपयोगी पडतो, आकाशवाणी सांगलीवर पावसाच्या बातम्या मिळतात. मेणबत्तीपेक्षा चार्जिंगचा एलईडी दिवा कितीतरी सुरक्षित. पडदा, मच्छरदाणी आणि लहान मुलं असलेल्या खोलीत मेणबत्ती लावूच नका.

औषधांचं मात्र आधीच ठरवून ठेवा. इन्सुलिनची न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते. लाईट दिवसभर नसली तर ती प्लास्टिकच्या डबीत घालून, डबी पाण्यात भिजवलेल्या मातीच्या माठात, सावलीत ठेवा. बर्फाला थेट टेकवू नका, गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही. वापरात असलेली बाटली साध्या खोलीत किती दिवस चालते ते पाकिटावर लिहिलेलं असतं, वाचून ठेवा. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर कुणी असेल तर इन्व्हर्टरच्या भरवशावर अजिबात राहू नका. पाच लिटरचं मशीन ३०० वॅटच्या वर घेतं. भरलेला सिलिंडर, त्याचा रेग्युलेटर आणि तो लावता येणारा एक माणूस घरात कायम हवा. भागातल्या लाइनमनला आणि शाखा कार्यालयाला असं घर कुठलं ते आधी सांगून ठेवा. त्यांना माहीत असलेलं बरं.

पूर येतोय असं दिसलं तर

कृष्णाकाठच्या गल्ल्यांना वेगळी तयारी लागते. आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा शहराचा मोठा भाग दिवसेंदिवस अंधारात होता. पुराच्या पाण्यात डीपी आणि वायरी असताना पुरवठा चालू ठेवणं म्हणजे माणसं मारणं. तेव्हा पाणी तुमच्या गल्लीत शिरायच्या आधीच लाईट बंद होणार हे धरून चाला. आयर्विनला किती फूट झालं की आपल्या दारात पाणी येतं, हे दत्तनगर, सांगलीवाडी, गावभागातल्या जुन्या माणसांना बरोबर ठाऊक असतं. तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि त्याच्या तीन-चार फूट आधीच कामाला लागा.

मेन बंद केला म्हणजे झालं असं वाटतं, पण इन्व्हर्टर चालूच राहतो. मेन पडला की त्याला वाटतं लाईट गेली, आणि तो आपणहून घराच्या वायरिंगमध्ये करंट सोडतो. म्हणून पाणी यायच्या आत मेन बंद, मग इन्व्हर्टर बंद, मग बॅटरीच्या तारा सोडवायच्या आणि बॅटरी वरच्या मजल्यावर न्यायची. १५० एएचची बॅटरी ५० किलोच्या वर असते, दोघांनी उभीच उचलायची, आडवी केली तर अ‍ॅसिड सांडतं. घोट्याएवढं जरी पाणी खोलीत आलं असेल तर बोर्डापाशी जाऊच नका. सोलरच्या पॅनलपासून खाली येणाऱ्या तारा दिवसा कायम जिवंत असतात, मेन बंद असला तरी.

पाणी ओसरल्यावर घाई होते. शेजारी लाईट आली की आपणही एमसीबी वर करून बघावासा वाटतो. भिंतीतल्या पाइपांत आणि सॉकेटांत चिखल आणि पाणी राहिलेलं असतं, ते वरून दिसत नाही. सॉकेट-स्विचच्या पट्ट्या उघडून, धुऊन, आठवडाभर वाळू द्या. मग वायरमनकडून मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून तपासा आणि एकेक लाईन सुरू करा. फ्रिज, मोटर, मिक्सर भिजले असतील तर वायंडिंगवाल्याकडे नेऊन वाळवून आणल्याशिवाय प्लग लावू नका. मीटर आणि कटआउट भिजले असतील तर त्याला हात लावायचा अधिकार महावितरणच्या माणसाचा.

तक्रार कशी द्यायची

१९१२ किंवा १९१२० वर, नाहीतर १८००-२१२-३४३५ आणि १८००-२३३-३४३५ या टोल फ्री क्रमांकांवर फोन करा. बारा आकडी ग्राहक क्रमांक हाताशी लागतो, म्हणून तो वहीच्या पुठ्ठ्यावर आणि घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ठेवा. मोबाइल क्रमांक ग्राहक क्रमांकाशी जोडलेला असेल तर ०२२-५०८९७१०० वर नुसता मिस्ड कॉल दिला तरी तक्रार नोंदवली जाते. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. कुठला बिघाड किती वेळात दुरुस्त व्हायला हवा याची कृती मानकं वीज नियामक आयोगानं ठरवून दिलीत आणि वेळ टळली तर भरपाई मागता येते. पण तक्रारीची नोंदच नसेल तर मागणार कशाच्या जोरावर? शेजाऱ्यानं केली असेल म्हणून गप्प बसू नका.

फोन करताना "लाईट नाही" एवढंच सांगू नका. "एक फेज गेलाय, अमुक डीपी", "फक्त आमच्या घराची सर्व्हिस वायर, खांबावर ठिणग्या दिसल्या" असं सांगितलं तर येणारा माणूस योग्य सामान घेऊन येतो. तुटून पडलेली तार दिसली तर आधी माणसं आणि जनावरं लांब ठेवा, मग फोन करा. लाईट गेलीय म्हणजे तार मेलीय असं समजू नका, फीडर पुन्हा कधी चालू होईल ते तुम्हाला कळणार नाही.

आणि गावोगावच्या तरुण पोरांना हात जोडून सांगतो. डीपीवर बांबूनं फेज बसवायला, डीओ (खांबावरचा ड्रॉप-आउट फ्यूज) लावायला जाऊ नका. कुणीतरी शेजारी इन्व्हर्टर किंवा जनरेटर चुकीचा जोडलेला असला तरी खालून करंट येतो. एका रात्रीच्या अंधारासाठी घरातला कर्ता माणूस गेलेली घरं या जिल्ह्यात आहेत.

मे महिन्यातला एक रविवार

हे सगळं वाचून झालं की एका रविवारी संध्याकाळी सातला स्वतःच मेन बंद करा आणि रात्री अकरापर्यंत तसंच राहा. घरातल्यांना आधी सांगून ठेवा. बॅटरी किती वाजता शिटी मारते ते वहीत लिहा. मधे कुणी मिक्सर किंवा इस्त्री लावली आणि इन्व्हर्टर ओव्हरलोड झाला, तर तो सॉकेट चुकून इन्व्हर्टरच्या लाईनवर आलाय हे कळेल. जिन्यात दिवा नाही, न्हाणीघरात नाही, आजींच्या खोलीतला पंखा इन्व्हर्टरवर नाही, बॅटरीचा दिवा कुठे ठेवलाय ते कुणालाच आठवत नाही, असं काहीतरी निघतंच.

जे निघेल ते त्याच आठवड्यात करून घ्या. जून उजाडला की वायरमन आणि बॅटरीवाले दोघंही वेळेवर मिळत नाहीत, आणि आम्हालाही सगळीकडे एकाच दिवशी पोचता येत नाही.